बंदरावरचा क्लिअर कोट

हर्णै,
५ नोव्हेंबर २०२४

चि. तौफिक यास आपाचा सलाम आणि अ. आ.

तुम्ही दोघं खुशाल असाल. मी ठीक आहे. कानांचं रडगाणं तेच. परवा तू फोनवर बोललास ते सगळ्या आळीला ऐकू गेलं, मला सोडून. म्हणून आपलं हे पत्रच बरं. खैरुन्निसाने पाठवलेला स्वेटर पोचला. तुमच्या चाकणची थंडी इथे नाही, पण पहाटे अंगात घालून ओट्यावर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला भावजयीने पाठवला म्हणून सांगते.

सोबत प्लास्टिकच्या पाइपात गुंडाळून एक चित्र पाठवते आहे. जलरंगातलं आहे. आपलं बंदर, संध्याकाळचं. मगरिबची अजान व्हायच्या जरा आधी पाण्याचा रंग कसा होतो, तो तुला आठवत असेल. तोच पकडायचा होता. होड्या मी काढल्याच नाहीत. कागद ओला करून रंग सोडला आणि त्याला त्याच्या मनाने पसरू दिलं. तू आधी नाक लावून पाहशील, म्हणून सांगून ठेवते की चार पावलं मागे जाऊन बघ. जवळून त्यात काही सापडणार नाही.

आता दुसरी गोष्ट. माझा उजवा हात थरथरतो हे तुला ठाऊक आहे. दापोलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हा कंप वाढत जाईल, कमी होणार नाही. हे चित्र डाव्या हाताने उजवं मनगट धरून काढलं आहे. इतकी वर्षं पोरांना चित्रकला शिकवली, पण स्वतःसाठी फार थोडं काढलं. हे शेवटचं. ब्रश धुऊन फडक्यात बांधून ठेवले. वाईट वाटलं, पण ठीक आहे, निदान एक तरी मनासारखं उतरलं.

कागद पातळ निघाला आणि पाण्याने फुगला, म्हणून त्याच्या पाठीला शाळेच्या गठ्ठ्यातला एक जुना कागद खळीने चिकटवला आहे. फ्रेमवाल्याला तो सोलू देऊ नकोस. तू संध्याकाळी कामावरून येऊन ज्या खिडकीपाशी बसतोस, तिथे लाव.

खैरुन्निसाला माझी याद. तब्येतीला जपा आणि मला विसरू नका, एवढंच मागणं.

तुझी,
आपा

•

कुरुळी,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. आपास तौफिकचा सलाम. वि. वि.

पाइप पोचला. पोस्टमनने विचारलं की यात नळाचं सामान आहे काय. मी म्हणालो, बंदर आहे. तो माझ्याकडे बघतच गेला.

आता खरं सांगू का? रागावू नकोस. तुला माहीत आहे, मी पेंट शॉपमध्ये काय करतो. रंगवून आलेल्या मोटारसायकलच्या टाक्या दिवसभर ट्यूबलाइटखाली धरायच्या आणि खोट काढायची. कुठे रंग ओघळला असेल, कुठे पोचला नसेल, कुठे धुळीचा कण बसला असेल, तिथे खूण करायची आणि टाकी परत पाठवायची. वीस वर्षं डोळ्यांना हीच सवय. तुझं चित्र उघडलं आणि आधी ट्यूबलाइटखालीच धरलं. आपा, त्यात ओघळच ओघळ आहेत. मधेमधे तर कागद तसाच उघडा राहिलाय. आमच्या लाइनवर असतं तर मी पास केलं नसतं.

खैरुन्निसाने माझ्या हातातून ओढून घेतलं, भिंतीला टाचलं आणि मला मागे व्हायला लावलं. मी मागे गेलो तो फ्रिजला जाऊन टेकलो. आणि मग दिसलं. भरतीला डुलणाऱ्या होड्या, किल्ल्याची काळी रेघ, पाण्यावर सांडलेला उजेड. मला मासळीच्या लिलावाचा गलबलासुद्धा ऐकू आला. मी खिडकीकडे वळून गुपचूप डोळे पुसले. तुला आता ऐकू येत नाही म्हणून हे लिहिण्याचा धीर होतो आहे, समोर असतीस तर चेष्टेवारी नेलं असतं.

खालच्या मजल्यावरच्या सोनबांबद्दल तुला मी सांगितलंय. आमच्या बिल्डिंगची जागा पूर्वी त्यांच्याच ज्वारीची होती. ते चित्र बघायला वर आले. बराच वेळ बघून म्हणाले की हे समदं पाण्यात गेलंय व्हय, पंचनामा झाला का न्हाई. मी सांगितलं की हा समुद्र आहे. तरी त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

एकच खंत राहिली. बंदरावर माणूस एकही नाही. निदान अब्बा तरी हवे होते. ढक्क्याच्या टोकाला जाळं सांधत बसायचे, तसे. इथे घर घेतलं तेव्हा त्यांच्यासाठी वेताची खुर्ची आणली होती, ती अजून खिडकीपाशी आहे. दर वर्षी बोलावलं. दर वर्षी एकच उत्तर, की पाणी नसलेल्या गावाला मी येत नाही. इंद्रायणी आहे म्हणालो तर म्हणाले, तिच्यात तुझी तरी होडी चालते का. गेले, पण माझ्या घरात एकदाही बसले नाहीत. फोटोही कधी काढू दिला नाही. हल्ली त्यांचा चेहरा आठवायला गेलो की धड आठवत नाही, आणि त्याची मला भीती वाटते.

असो. चित्राची काळजी करू नकोस. इथे ट्रेलरची धूळ इतकी, की सकाळी पुसलेली खिडकी दुपारी पुन्हा मातकट. उघडा रंग टिकायचा नाही. आमचा जुना सोबती ज्ञानदेव याने निघोज्याला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज टाकलंय. रविवारी त्याच्याकडून चित्राला गाडीच्या रंगावर मारतात तो पारदर्शक क्लिअर कोट मस्त मारून घेतो, दोन्ही बाजूंनी, म्हणजे पाठीलाही दमट हवा लागायची नाही. गाडीचा रंग राहतो, मग बंदर का राहणार नाही? तुझं शेवटचं चित्र आहे, ते माझ्यानंतरही राहिलं पाहिजे.

कुरुळीला कधी येतेस? खैरुन्निसाचा सलाम. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
तौफिक

•

हर्णै,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. तौफिक यास अ. आ.

तुझं पत्र आत्ता हाती पडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. क्लिअर कोट मारू नकोस. काहीही मारू नकोस. ओलं फडकंसुद्धा लावू नकोस. काच लाव आणि गप्प बस.

रविवार उलटून गेला हे मला दिसतंय. शेजारच्या जयमालाला तुझा फोन लावायला सांगितला, तर बंद. कंपनीत फोन बाहेर ठेवायला लावतात, तू मागे म्हणाला होतास. आता एकच आशा आहे. लहानपणापासून तू कुठलंही काम सांगितल्या दिवशी केलेलं नाहीस. तुझा आळस आज माझ्या उपयोगी पडो.

अरे, जलरंगात पांढरा रंग नसतोच. उजेड म्हणजे तो कागदच. जिथे रंग पोचला नाही म्हणालास, तिथे मी तो पोचू दिला नव्हता. कापऱ्या हाताने तेवढ्या जागा राखणं हेच त्या चित्रातलं सगळं काम होतं. त्याच्यावर रोगण बसलं तर कागद ते पिऊन टाकेल आणि उजेड जाईल.

माणूस का नाही, तेही सांगते. घरात माणसाची तसबीर असली की तिथे नमाज होत नाही, हे अब्बांनी आपल्याला इतक्यांदा सांगितलं की माझा ब्रश माणसापाशी आपोआप थांबतो. एकदाच मी तो नियम मोडला होता. तू शाळेत होतास, मी नुकतीच शिकवायला लागले होते. अब्बा अंगणात जाळं सांधत बसले होते आणि मी चुलीपाशी बसून पेन्सिलने त्यांना उतरवत होते. चेहरा झाला, हात झाले, आणि त्यांनी मान वर करून पाहिलं. जाळं गुंडाळलं आणि आत निघून गेले. मी ते चित्र कुठेतरी खुपसून ठेवलं. अब्बा गेल्यावर खूप शोधलं. अम्मीने चुलीत घातलं असणार, ती जुने कागद ठेवायची नाही. ते असतं तर तुला दिलं असतं. मलाही त्यांचा चेहरा पूर्वीइतका स्वच्छ दिसत नाही, तौफिक.

उलट टपाली कळव. जीव टांगणीला लागला आहे.

तुझी,
आपा

•

कुरुळी,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. आपांना खैरुन्निसाचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र काल आलं. उत्तर यांनी लिहायला हवं. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा फाडून टाकलं. म्हणून मीच लिहिते. जन्मात पहिल्यांदा या माणसाने रविवारचं काम रविवारी केलं, आपा.

ज्ञानदेवभाऊंनी मन लावून केलं हो. गाडीला मारतात तसं, धूळ बसू नये म्हणून खाली पाणी शिंपडून, हात जराही न थांबवता. आधी पुढून मारलं, वाळू दिलं, मग मागून. हे बाजूला उभे राहून सूचना करत होते. पहिल्या हाताला चित्र असं खुललं की दोघेही खूश झाले. मग बघता बघता ते खोल जायला लागलं. जिथे जिथे पांढरं होतं तिथे वडापावच्या कागदासारखं तेलकट, मळकट झालं. संध्याकाळची रात्र झाली. होड्या आहेत, पण त्या चिखलात उभ्या आहेत असं वाटतं.

यांनी थिनरने पुसायला घेतलं होतं. ज्ञानदेवभाऊंनी हात धरला म्हणून राहिलं. घरी आले ते न जेवता झोपले. चित्र कपाटामागे ठेवलंय आणि भिंतीतला खिळाही काढून टाकलाय. दुसऱ्या दिवशी ज्ञानदेवभाऊ घरी येऊन गेले. माझ्यापाशी पुन्हा पुन्हा म्हणत होते की वहिनी, पत्र्याला हे कधीच झालं नसतं. त्यांना मी चहा दिला. तो तसाच गार झाला.

तुमच्या पत्रातला अब्बांचा मजकूर यांनी पुन्हा पुन्हा वाचला. काल संध्याकाळी मला म्हणाले की अब्बांना मी इथे आणू शकलो नाही आणि आपाने आणून दिलेलं बंदर मी माझ्या हाताने बुडवलं. मी यांना अशा आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. कंपनीत जातात, येतात, पण त्या खिडकीपाशी बसत नाहीत. सोनबा रोज विचारतात की बंदर कुठं गेलं, आणि मला काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी लागते.

आपा, तुम्हाला राग येणारच. मलाही आला. पण तुम्ही गप्प राहू नका. लहानपणी तुम्ही दिवस दिवस अबोला धरायचात असं यांनीच सांगितलंय, आणि ते अजून त्याला घाबरतात. चार शब्द सुनवा, हवं तर मला सुनवा, पण लिहा.

थंडीत स्वेटर घाला. धाकट्या भावजयीवर मर्जी असू द्या.

तुमची,
खैरुन्निसा

•

हर्णै,
३ डिसेंबर २०२४

चि. तौफिक यास आपाचा सलाम.

मी रागावले आहे. ते लपवत नाही. खैरुन्निसाचं पत्र आलं त्या दिवशी अबोलाच धरणार होते. पण तिच्या पत्रात माझे जुने अबोले निघालेले पाहून मलाच लाज वाटली.

फडक्यातले ब्रश पुन्हा सोडले. वाटलं, राग आहे तर रागाच्या जोरावर दुसरं काढून बघू. हाताने ऐकलं नाही. कागदावर कोंबडी चालून गेल्यासारखं झालं. तेव्हा दुसरं होणार नाही, हे तुलाही कळलेलं बरं. त्या रात्री रडले. सकाळी उठून बंदरावर गेले, तर सगळ्या होड्या जागच्या जागी होत्या. त्यांना तुझ्या ज्ञानदेवाचा काही त्रास झालेला नव्हता. जरा बरं वाटलं.

तुझ्या मनात काय होतं ते मला समजतं. तुझ्या हातांना रंगाची एवढी एकच माया ठाऊक आहे. पत्र्याला जे करतात ते तू कागदाला केलंस, आणि माझ्या बंदराला टाकीसारखं जपलंस. या वाक्यावर रडू नकोस, मी चेष्टा करते आहे.

आता नीट वाच. शाळेत दिवाळीच्या आधी मी पोरांकडून कागदाचे कंदील करून घ्यायची. साध्या कागदाला खोबरेल पुसलं की उजेड त्याच्या आरपार येतो. खैरुन्निसाने वडापावचा कागद म्हटलं आणि मला ते आठवलं. तू माझा कागद तसाच करून ठेवला आहेस. पुढून उजेड पडल्यावर तो आता उजळायचा नाही. मागून देऊन बघ. ज्या जागा मी राखल्या होत्या त्यांतून थोडी तरी संध्याकाळ परत येईल. नाही आली तर चित्र पुन्हा कपाटामागे ठेव, माझी हरकत नाही.

एक मात्र होईल. पाठीला जो कागद चिकटवला, तो पोरांच्या सरावाच्या गठ्ठ्यातला होता. गठ्ठ्यात सगळे पालथे, म्हणून वरचा एक उचलला आणि न उलटता तसाच दाबला. त्याच्या आतल्या बाजूला कुणाचा तरी माठ नाहीतर आंबा असणार. माझ्या बंदरात आंबा उगवला तर हसा आणि मला कळवा.

खिळा पुन्हा ठोक. आणि त्या खुर्चीवर तू स्वतः बसत जा, रिकामी खुर्ची बघून माणूस खंगतो. राग उतरतो आहे, अजून पुरता उतरलेला नाही, पण आशीर्वाद त्याच्या आड येत नाहीत.

तुझी,
आपा

•

कुरुळी,
१५ डिसेंबर २०२४

ती. आपास तौफिकचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र ज्ञानदेवला वाचून दाखवलं. त्याने दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या पाटीला असतो तसा उथळ डबा केला, आत एलईडीची पट्टी बसवली, पुढे चित्र ताणून लावलं. रंगाला कुठे हात लावला नाही, शपथेवर सांगतो. काल संध्याकाळी तो डबा छातीशी धरून मोटारसायकलवर मागे बसला होता, आणि मी आयुष्यात कधी चालवली नसेल इतक्या हळू गाडी चालवत कुरुळीपर्यंत आलो.

खिळा ठोकला. सोनबाही वर आले होते. बाहेर कंपन्यांचे दिवे लागत होते आणि सेकंड शिफ्टची बस नुकतीच गेली होती. खैरुन्निसाने बटण दाबलं.

आपा, तू राखलेल्या सगळ्या जागा परत आल्या. आधीसारख्या नाहीत, जरा मधाच्या रंगाच्या, पण पाण्यावर उजेड आला, होड्या चिखलातून सुटल्या. मी एवढ्यावरच खूश होतो. मग मधोमध काही बारीक रेघा दिसायला लागल्या. मला वाटलं, आला तुझा आंबा. मी सवयीप्रमाणे खोट बघायला पुढे निघालो, तर खैरुन्निसाने खांद्याला धरून मागे ओढलं. फ्रिजला टेकलो.

अब्बा आहेत, आपा.

चुलीत गेले नव्हते. तुझ्या गठ्ठ्यात पालथे पडून होते. डोक्यावर तीच टोपी, एक कान जरा बाहेर आलेला, जाळं सांधायची लाकडी सुई दातांत धरलेली आणि दोन्ही हात जाळ्यात. गुडघ्यांखाली काही नाही, तिथवर तू पोचलीच नव्हतीस. ढक्क्यावरही बसलेले नाहीत, थेट पाण्यावर बसलेत, सगळ्या होड्यांपेक्षा मोठे. चेहरा अगदी स्वच्छ आहे. मी विसरत चाललो होतो तो हाच. मला रडू आलं आणि या वेळी मी ते लपवलं नाही.

सोनबा म्हणाले की हे तुमचं वडील हायती व्हय, नाक तुमचंच हाय. त्यांनी अब्बांना जन्मात पाहिलेलं नाही. मग ते खाली गेले आणि त्यांनी गुळाचा खडा आणून सगळ्यांच्या हातावर ठेवला. पाहुणा पहिल्यांदा घरी आला की त्यांच्याकडे गूळ-पाणी देतात. ज्ञानदेव कोपऱ्यात उभा होता. गूळ तोंडात टाकून तो डब्याची वायर नीट करायला वाकला.

तसबिरीचं मनात आलं. अब्बांचा नियम मोडून त्यांनाच भिंतीवर कसं लावायचं? खैरुन्निसाने वाट काढली. नमाजाच्या वेळी ती बटण बंद करते. दिवा विझला की माणूस नाही, नुसतं अंधारलेलं बंदर. नमाज झाली की पुन्हा बटण लावते, आणि अब्बा परत येऊन जाळं सांधायला बसतात. आज मगरिबला असंच केलं. या वेळी जाळं गुंडाळून रागाने आत जायची त्यांच्यावर पाळी आली नाही.

वेताची खुर्ची चित्रासमोर सरकवली आहे. तू म्हणालीस तसं मी बसून पाहिलं, पण ती मला मोठी पडते. तुला बरोबर होईल. तू मला कितीदा म्हणालीस की कुरुळीत बघण्यासारखं आहे तरी काय. अब्बाही तेच म्हणायचे. पाणी नसलेल्या गावाला ते येणार नव्हते, म्हणून येताना पाणी घेऊन आले.

आता तू एकटीच यायची राहिलीस. ये.

वाट पाहणारा,
तौफिक